फेट्याचे लंगोट

मुलगा दीड वर्षाचा होत आला तेव्हा त्याच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि काही महिने डायपर बंद करा म्हणून सांगितलं. हे सांगताना ते सारा वेळ माझ्या बायकोकडे पाहत होते. या विषयावर पुरुषाकडे पाहून बोलायची आपल्याकडे रीत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सुती लंगोट घालू. पण धुणार कोण?"

प्रश्न रास्त होता. ती नेकनूरच्या दवाखान्यात परिचारिका. सकाळी आठच्या एसटीने जाते, संध्याकाळी सहाला येते. मी बीडमध्येच अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो आणि साडेबाराला घरी पोचतो. मधले चार तास मुलगा माझ्या वडिलांच्या देखरेखीखाली असायचा. देखरेख म्हणजे वडील खुर्चीत पेपर वाचणार आणि मुलगा खुर्चीच्या पायाशी खेळणार. ही व्यवस्था डायपरच्या जिवावर चालली होती. मी येईपर्यंत त्यांना नातवाला हात लावायची वेळ येत नसे.

"मी धुईन," वडील पेपरामागून म्हणाले.

आम्ही दोघं हसलो. ते हसले नाहीत.

माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि मी त्यांना 'सर' म्हणतो. मी त्यांच्याच शाळेत होतो. तिथे सर म्हणायची सक्ती होती, आणि घरी आल्यावर वेगळं काही म्हणायचं राहून गेलं. या माणसाने स्वतःचा चहाचा कप विसळलेला मी बेचाळीस वर्षांत पाहिलेला नाही. त्यामुळे त्यांचं 'मी धुईन' आम्ही दोन-तीन दिवसांचं धरलं.

आधी प्रश्न कापडाचा आला. आई असती तर तिची जुनी लुगडी होती. पण ती गेल्यावर सगळी मावश्यांमध्ये वाटली गेली. बायकोच्या साड्या असल्या सिंथेटिक, की अंगावर पाणी सांडलं तरी तिला कळत नाही. मग सर उठले आणि त्यांनी कपाट उघडलं.

हे कपाट सत्कारांचं. मुख्याध्यापकीची शेवटची बावीस वर्षं आणि निवृत्तीनंतरची आणखी बारा, इतक्या काळात जिल्ह्यात जिथे जिथे व्यासपीठ उभं राहिलं तिथल्या शाली, उपरणी आणि फेटे त्यात घडी घालून ठेवलेले. लहानपणी मी एकदा त्यातली शाल पांघरून शेजारच्या पोरांपुढे भाषण केलं होतं. त्याबद्दल छडी मिळाली. भाषण बरं झालं होतं.

सर ओसरीत बसले. पुढ्यात वाटीभर पाणी आणि चमचा. एकेक कापड मांडीवर पसरायचं, वर चमचाभर पाणी टाकायचं आणि बघायचं. एका माजी मंत्र्याच्या हस्ते मिळालेल्या शालीवर पाणी मोत्यासारखं उभं राहिलं आणि जरा कलती केल्यावर तसंच ओघळून फरशीवर गेलं. एका पतसंस्थेची शालही तशीच. संघटनेच्या अधिवेशनातल्या उपरण्यातून पाणी थेट धोतरावर आलं. मी दाराशी उभा राहून हा निकाल ऐकत होतो. सर प्रत्येक वेळी "नापास" म्हणत होते आणि त्या शब्दात त्यांना जुनं सुख मिळत होतं. एप्रिलमधल्या जयंतीची निळी उपरणी त्यांनी आधीच वेगळी काढून वरच्या कप्प्यात ठेवली होती. त्यांची परीक्षा नव्हती.

तळाशी पांढरे सुती फेटे निघाले. हे ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी दिलेले. पोरांना गावात ठेवून कारखान्याला जायचं, तर सरांनी शाळेतच त्यांची सोय केली होती, त्याबद्दलचे. हे फेटे एक चमचा प्याले, दुसरा प्याले, मग सरांनी वाटीच ओतली.

समोरच्या घरात शिलाईचं दुकान आहे. तिथल्या मामूंनी फेटा हातात घेतला आणि कात्री खाली ठेवली.

"सर, ये तो सत्कार का हाय ना?"

"आहे. कापा."

"पक्का?"

"पंधरा वर्षांत एकदाही डोक्यावर घातला नाही, मामू."

"मग खालीच बरा हाय," मामू म्हणाले आणि कात्री चालवली. पुढे महिनाभर ते जो येईल त्याला सांगत होते, की बीडात इतका इज्जतीचा लंगोट आजवर कुणाच्या पोराला मिळाला न्हाई.

आमचा दोन-तीन दिवसांचा अंदाज चुकला. सर रोज सकाळी मोरीत बसून धूत. आधी गार पाणी, मग साबण. गरम पाणी आधी टाकलं तर डाग बसतो, हे त्यांना मामूंच्या आईने सांगितलं होतं. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून शेवटचं खळबळलेलं पाणी कढीपत्त्याला. मग गच्चीवर दोरी. वाळल्यावर त्रिकोणी घड्या, आणि घड्यांचा गठ्ठा असा, की मधला एक काढला तरी बाकीचे हलू नयेत.

इथपर्यंत मी कौतुकच करत होतो. कॉलेजात चार जणांना सांगितलंही. बिघडायला सुरुवात झाली ती एका शनिवारी. मी लवकर घरी आलो. चपला काढताना आतून आवाज आला.

"लई मुतलास बे तू! कावून सांगितलं न्हाई? आँ? आबाला सांगायचं की न्हाई?"

पोरगं खिदळत होतं.

मला वाटलं कुणी पाहुणा आला आहे. ज्या सरांनी 'हाय' म्हटल्याबद्दल माझ्याकडून 'आहे' शंभर वेळा लिहून घेतलं होतं, जे माझ्याशी आजही पाठ्यपुस्तकासारखं बोलतात, त्यांच्या तोंडी ही बोली होती, आणि तीही इतकी सहज, लाडाची. म्हणजे ती त्यांच्याकडे होतीच. मी बाहेरच थांबलो. पुन्हा चपला घातल्या, चौकात जाऊन चहा पिऊन आलो.

त्या दिवसापासून मी माझ्या मुलावर जळू लागलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरा शब्द नाही. मी तिसरीपर्यंत अंथरूण ओलं करायचो. सर ओरडत नसत. ते म्हणत, "गोधडी स्वतः उचल आणि कुंपणाच्या भिंतीवर टाक." ती भिंत शाळेच्या रस्त्याला लागून. वर्गातली पोरं येता-जाता बघत. सरांच्या मते याला जबाबदारीची जाणीव म्हणतात. आता तेच सर ओला लंगोट सोडताना पोराच्या पोटावर फुंकर मारून त्याला हसवत होते.

दुसऱ्या बाजूने मी सरांवरही जळत होतो. लंगोट लावल्यापासून मुलाला ओलं कळू लागलं होतं. तो पाय फाकवून उभा राहायचा आणि 'सू' म्हणायचा, पण आबांसमोर. दुपारी सर झोपलेले असत, मी शेजारी कोरडा लंगोट घेऊन बसलेला असे, आणि पोरगं ओल्या पायांनी सरांच्या खाटेशी उभं राहून ते जागे होण्याची वाट बघत असे. मी जवळ घेतलं की "नको. आबा."

मी खुसपटं काढू लागलो. मोरीला वास येतो. गच्चीवरून पाहुण्यांना दिसतं. या वयात उकिडवं बसू नये. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला नक्की काय टोचतंय?" मी म्हणालो, "मला कशाला टोचेल?"

मग तलवाड्याहून फोन आला. सर तिथे आठ वर्षं मुख्याध्यापक होते. माजी विद्यार्थ्यांनी कार्यक्रम ठेवला होता, अध्यक्षस्थानी सर. मी समोर बसलो होतो म्हणून ऐकलं. सर म्हणाले, "नाही जमणार. दिवसभर नातवाचं असतं माझ्याकडे."

मी सहावीत असताना मला टायफॉइड झाला होता. ताप चढलेला होता त्या दिवशी सर सिरसाळ्याला सत्काराला गेले आणि रात्री नारळ घेऊन आले. आईने त्याच्या वड्या केल्या. मला पथ्य होतं.

"सर, तुम्ही जा," मी म्हणालो. "मी त्या दिवशी रजा घेतो. आणि एक दिवस डायपर घालू. किंबहुना आता डायपरच घालत जाऊ. चट्टे तर गेलेत. तुम्हाला त्रास नको."

सगळी वाक्यं काळजीची होती. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पेपर तपासताना कॉपी सापडली की ते असं बघत. मग म्हणाले, "बरं."

कार्यक्रमाच्या दिवशी ते पहाटेच गेले. मी मुलाला डायपर घातला, अकराला बदलला, आणि दिवसभर त्याच्याशी खेळलो. घोडा झालो, ठोकळ्यांचे मनोरे केले. दिवस फार चांगला गेला. तो एकदाही 'सू' म्हणाला नाही, आबा कुठे म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, जमलं. आपल्या बापाला हरवायला एक रजा पुरते.

चार वाजता सर आले. जेवणाला थांबले नव्हते. पिशवी ठेवायच्या आधी त्यांनी पोराला उचललं आणि हात खाली लावला.

"कधी बदललं होतंस?"

"अकराला."

"चार वाजलेत."

त्यांनी चिकटपट्टी ओढली. डायपर पाण्याच्या पिशवीसारखा जड झाला होता आणि मांड्यांवर चट्टे पुन्हा आले होते.

"तुला कळत कसं नाही?" सर म्हणाले. आवाज वर्गातला होता.

"माझं धुतलं होतं का कधी तुम्ही?" मी म्हणालो. एम.ए. झालेला, केस पिकू लागलेला माणूस मोरीच्या दारात उभा राहून हे विचारत होता. पोरगं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होतं.

"नाही," सर म्हणाले. "तुझी आई धुवायची."

"आणि तुम्ही?"

"मला किळस यायची."

या उत्तराची माझी तयारी नव्हती. काळ वेगळा होता, पुरुष करत नसत, शाळेचा व्याप होता, या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होती. ती तशीच राहिली.

"आता येत नाही?"

"येते. पहिल्या दिवशी दोनदा ओकलो. तू कॉलेजात होतास." त्यांनी पोराला मोरीत उभं केलं. "ओकून झालं की धुता येतं. हे तुझ्या वेळी करून बघायला हवं होतं. नाही बघितलं. पाणी घाल."

मी पाणी घातलं. सरांच्या त्या बोलण्याला माफी म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सर पोराच्या मांड्या टिपत होते आणि मी गठ्ठ्यातून लंगोट काढून दिला. ते म्हणाले, "दुपारचे उद्यापासून तू धू."

दुसऱ्या दिवशी मी धुतले. ओकारी आली, पण झाली नाही. गच्चीवर एक दोरी त्यांच्या सकाळच्या लंगोटांची होती, दुसरी मी बांधली. थोड्या वेळाने सर पोराला कडेवर घेऊन वर आले. त्यांनी माझ्या दोरीवरचे तीन ठिबकणारे लंगोट काढले, एका हाताने जमेना म्हणून पोराला माझ्याकडे दिलं, तिन्ही पुन्हा पिळले, झटकले आणि परत टाकले. मग पोराला घेऊन खाली गेले. मी त्यांच्या दोरीपाशी गेलो आणि चूक सापडते का म्हणून एकेक लंगोट चाचपून बघितला. एकातही पाणी नव्हतं.