रिकाम्या विड्या

आज नात कंपनीतून आली आणि जेवता जेवताच पेंगली. मला विडी कारखान्यातली एक दुपार आठवली. मी सोळा वर्षांची होते. पहाटेपासून नळावर पाणी भरून कामाला गेले होते. ओल्या पानांच्या वासात डोळे मिटत होते आणि हात तंबाखू न भरताच विड्या वळत होते. तपासनिसाने पाहिलं असतं तर कामच सुटलं असतं.

शेजारच्या सखूमावशीने आधी पाहिलं. "अगं पोरी, गिऱ्हाईकानं नुसती पानं ओढायची का?" असं म्हणत तिने त्या विड्या आपल्या सुपात ओतून घेतल्या. "माझ्या पाठीला टेक अन् डोळे मिट. मी भरते ह्या."

तेव्हा मला नुसती लाज वाटली. तिचेही डोळे तांबारलेले होते, हे आज आठवलं.

ताट सरकवून मी नातीच्या पाठीला पाठ लावून बसले.