चिकाने चिकटवलेले सासरे

माझे सासरे वारल्यानंतर चार वर्षांनी त्यांना शेजारच्या बकरीने खाल्लं.

हे वाक्य मी आजवर दोघांखेरीज कुणापुढे उच्चारलेलं नाही. मुळात मी फार बोलणारी बाई नाही. त्यातून ज्यांच्यापुढे ते उच्चारायला हवं होतं त्या माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणत असे) आता राहिल्या नाहीत, आणि बकरी तर त्यांच्याही आधी गेली. पन्नाशी उलटल्यावर वाटलं, मनावरचं हे ओझं कुठेतरी उतरवावं. तुम्ही सापडलात!

साठ सालानंतरचा एक उन्हाळा. मी लोहाऱ्याहून लग्न होऊन बोरी अरबला आले होते. मॅट्रिक पास! ही गोष्ट मी गावात कुणाला विसरू देत नसे. नवरा तिकडे मारेगावला तहसिलीत कारकून, सुटी मिळाली की यायचा. घरात आम्ही तिघी: आत्याबाई, लग्न ठरलेली नणंद विमल, आणि मी.

मामंजी गावातल्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या वाट्याला आली ती त्यांची पत्र्याची पेटी. तिच्यात शाळेची सर्टिफिकिटं, नातेवाइकांचे फोटो, एका काचेचा चष्मा, कुणाकुणाच्या कुंडल्या आणि या सगळ्यांवर पोसलेली कसर. मामंजींचे फोटो त्यात दोनच. एक शाळेचा ग्रुप फोटो, पण नेमकी कळ दाबताना त्यांनी कुठल्याशा पोराला दटावायला मान वळवली होती, त्यामुळे धडावर डोक्याऐवजी धूर दिसतो. दुसरा फोटो मात्र झकास. फेटा, कोट, भरघोस मिशी आणि समोर रोखलेली नजर.

आत्याबाईंची एकच अट होती.

"पोरीच्या लग्नात ह्यायचा फोटो पाह्यजे. मोठा करून, फ्रेम लावून. ह्यायनं नाही पाह्यलं, तर मी मांडवात पाय ठेवत नाई. सांगून ठेवतो."

फोटो यवतमाळच्या पेंटरकडे मोठा करायला द्यायचा होता. माझं माहेर तिकडचं, तेव्हा काम माझ्याकडे आलं. सोमवारच्या मोटारीने मी निघायचं होतं. तोवर फोटो पेटीतून काढून एका जागी नीट ठेव, एवढंच आत्याबाई म्हणाल्या.

नीट ठेव! मॅट्रिक पास बाईला असं सांगू नये.

मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की सुसंस्कृत घरांतून फोटो पेटीत ठेवत नाहीत, अल्बमात चिकटवतात. आत्याबाई भांडी बघायला दारव्ह्याला गेल्या होत्या. मी काळे कागद आणले, दोऱ्याने शिवले आणि चिकटवायला डिंक शोधू लागले. डिंक नव्हता. पण त्याच दिवशी आम्ही कुरडया घातल्या होत्या, आणि पातेल्याच्या तळाशी शिजवलेला गव्हाचा चीक उरला होता. पांढराशुभ्र, बोट लावलं तर सुटत नाही असा!

"वयनी, तो चीक कायले घेऊन राह्यली?" विमलने विचारलं.

"तुमच्या बाबांना चिकटवते."

"त्यात तर मीठ हाय. हिंग हाय. जिरं बी हाय!"

"टिकतं जास्त," मी म्हणाले. (लोणचं नाही का टिकत?)

कागद चिकटवायची खळ करताना त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. चिकात चव यावी म्हणून हिंग घालतात, एवढं ठाऊक होतं. तर अशा रीतीने आमचं अख्खं घराणं मी खमंग चिकाने चिकटवलं. पहिल्या पानावर मामंजी, मग त्यांचे भाऊ, मग अमरावतीच्या मावशी, शेवटी सर्टिफिकिटं.

अल्बम ओला होता. वाळायला अंगणातल्या खाटेवर ठेवला, शेजारच्या खाटेवर कुरडया. आणि मी हातात काठी घेऊन राखणीला बसले. आता लक्षात घ्या, वाळवणाची राखण करणारी बाई कशावर नजर ठेवते? कुरडयांवर! मी कावळे हाकलले, चिमण्या हाकलल्या, एका म्हाताऱ्या कुत्र्याला तर रस्त्यापर्यंत सोडून आले.

परत येते तो शेजारच्या गुलाबकाकूंची चंपी नावाची बकरी खाटेवर पुढचे पाय ठेवून उभी. तिने कुरडयांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कुरडया काय, कुणाच्याही अंगणात मिळतात! ती आमचं घराणं खात होती. अमरावतीच्या मावशी संपल्या होत्या. सर्टिफिकिटं संपली होती. (बकऱ्यांमध्ये तेव्हा तिच्याइतकी शिकलेली दुसरी नसावी.) शेवटाकडून सुरुवात करत ती पहिल्या पानावर आली होती आणि मामंजींचा चेहरा डाव्या बाजूने तिच्या तोंडात होता.

मी किंचाळले. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चंपी, मधे मामंजी. शेवटी आम्ही दोघींनी समजुतीने वाटणी केली. वरचा फेटा, उजवा कान आणि मिशीपासून खालचा कोट माझ्याकडे आला. डोळे, नाक आणि कपाळ तिच्याकडे गेलं.

"वो काकू!" मी कुंपणावरून ओरडले. "तुमच्या बकरीनं माझे सासरे खाल्ले!"

काकू शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "कायले बोंबलून राह्यली वो? मास्तर तर कवाचेच गेले."

"त्यांचा फोटो खाल्ला! चिकासकट!"

"चीक?" काकू ताडकन उठल्या. "कवाचा? आंबला तर नोहता? माह्या बकरीचं पोट बिघडलं तर पाहून घे माय, मास्तराच्या बायकोलेच सांगतो मी!"

हेच एक नको होतं. मी सुपभर कुरडया काकूंना दिल्या आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यांनी ते ठेवलं. मात्र पुढे दर उन्हाळ्यात कुरडया झाल्या की त्या कुंपणाशी येऊन मोठ्याने विचारायच्या, "काय सूनबाई, मास्तर बरे हायेत ना?" की मी निमूट सूप भरायची!

नशीब, विमल तेव्हा पाण्याला गेली होती. तिला मी बकरीचं कळू दिलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली असती तर तिचं नाव विमल नसतं. अल्बम कुठे गेला विचारल्यावर सांगितलं, कपाटात वाळतोय. आत्याबाई आल्या आणि त्यांनी फोटो मागितला.

"बांधून ठेवला, आत्याबाई. मोटारीत चुरगळायला नको."

"शहानी हाय माही सून," त्या विमलला म्हणाल्या.

आयुष्यात त्यांनी माझं एवढंच कौतुक केलं, आणि तेही नेमकं तेव्हा!

सोमवारी मी यवतमाळला उतरले. माझे वडील, आबा, मला पेंटरच्या दुकानी घेऊन गेले आणि "मी तमाखू घेऊन येतो" म्हणून बाजारात गेले. पेंटर सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, केस मानेपर्यंत, तोंडात पान. त्याने पुडकं उघडलं. सुलटं धरलं, उलटं धरलं.

"बाई, फेटा हाय. मिशी हाय. मधातला आदमी कुठी गेला?"

"वाळवी लागली."

"वाळवीले असे दात असतेत का?" त्याने कागदाची कड मला दाखवली. तो उदार मनाचा होता. "जाऊ द्या. बनवून देतो. आपल्याकडं असं चालतच राह्यते. घरच्या कोनाले बसवा समोर, त्यायचे डोळे-नाक पाहून काढतो. पोरगा हाय?"

"आहे. पण तो आईच्या तोंडवळ्याचा, आणि मारेगावला."

"पोरगी?"

"लग्न ठरलंय. आता तिला गावाबाहेर काढत नाहीत."

"मंग घरचं हाय कोन?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मी आहे."

"तुम्ही तर सून!"

"मग? सून घरचीच असते ना?"

त्याने पान थुंकलं आणि विचार केला. "आसू द्या. बकरीपेक्षा जवळचा नातलग झाला."

त्याला कसं कळलं, देव जाणे!

फेट्याखाली कपाळ किती दिसतं हे बघायला त्याने दुकानातला फेटा माझ्या डोक्यावर बांधला. साडीवरून कोट घालायला लावला. म्हणाला, "खांदे बरोबर येते." मिशी मात्र नको म्हणाला, ती फोटोत शिल्लक होती. मी स्टुलावर ताठ बसले. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. तेवढ्यात आबा दारात आले, उन्हातून आल्याने डोळे किलकिले करत. मला पाहिलं आणि अदबीने हात जोडले.

"राम राम, पाटील. इथं आमची पोरगी बसली होती, पाह्यली का?"

"आबा, मीच आहे," पाटील म्हणाले.

आबा खाली बसले. त्यानंतर त्यांनी लोहाऱ्यापर्यंत एक शब्द काढला नाही. नुसते मधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि मान दुसरीकडे वळवायचे. उतरताना एवढंच म्हणाले, "जावईबापूले सांगू नको."

लग्नाच्या आदल्या दिवशी फ्रेम घरी आली. पेंटरने काम जीव ओतून केलं होतं. फेटा मामंजींचा, मिशी मामंजींची, कान मामंजींचा. मधोमध मी! आणि माझी नजरसुद्धा त्याने तंतोतंत उचलली होती. घरात काहीतरी मोठं फोडून ठेवलेल्या माणसाची नजर.

आत्याबाईंनी कागद सोडला. मी दाराच्या कडीला धरून उभी. आता मांडवात पाय ठेवणार नाहीत, लग्न मोडेल, मला लोहाऱ्याला पोचवतील, आणि तिथे आबा काही बोलणारच नाहीत!

"वो आई," विमल म्हणाली, "बाबाचे डोळे असे होते?"

आत्याबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. फोटोजवळ गेल्या, मग लांब आल्या.

"अशेच होते," त्या हळूच म्हणाल्या. "बिलकुल अशेच. मी घरी नसली, अन् मांगं कायी करून ठेवलं, का असेच पाहत माह्याकडं. तुपाचं भांडं लवंडलं होतं ना, तवा, बिलकुल असं पाह्यलं होतं." आणि त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. विमलही रडली. सर्वांत जास्त मी रडले. आत्याबाईंनी मला जवळ घेतलं. "तू तर त्यायले पाह्यलं बी नाई माय, तरी इतकी रडून राह्यली!"

लग्न थाटात झालं. फोटो मांडवात पाटावर, गळ्यात हार. गावातले मास्तरांचे जुने विद्यार्थी येऊन माझ्यापुढे वाकले. विमल पाया पडली. आणि कन्यादानाला बसण्यापूर्वी माझ्या नवऱ्याने भर मांडवात मला साष्टांग नमस्कार घातला!

तो फोटो ओसरीवर लागला. पुढची वीसेक वर्षं आत्याबाई रोज तिन्हीसांजेला त्याला उदबत्ती ओवाळायच्या आणि माझ्या तक्रारी माझ्याच तोंडासमोर सांगायच्या.

"पाहून राह्यले ना? आज वरण खारट केलं तिनं. अन् सांगतलं तर कशी पाह्यते!"

भिंतीवरून मी तशीच पाहायची. स्वयंपाकघरातूनही तशीच.

सांगावंसं अनेकदा वाटलं. तोंड उघडायची आणि कुणीतरी यायचं, किंवा दूध उतू जायचं, किंवा मी दूध उतू जाऊ द्यायची. एकदा मात्र धीर केला होता. आत्याबाई आजारी होत्या, खाट ओसरीवर आणलेली. मी पाय दाबत होते. म्हटलं, आज सांगतेच. "आत्याबाई, तो फोटो..." तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुले एक सांगू का वो? मले त्यायचा खरा चेहरा आता आठवतच नाई. डोळे मिटले का हाच दिसते, फोटोतला. तू मोठा करून आणला म्हनून तरी माह्याजवळ राह्यला."

मी पाय दाबत राहिले. जरा जोरात दाबले असावेत, त्या ओरडल्या.

गेल्या महिन्यात नवऱ्याला सगळं सांगितलं. बकरीसकट. तो उठला, चष्मा लावून फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो. मला वाटलं आता रागावेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तरीच! मी म्हनत होतो, बाबा जिवंत असताना त्यायचं इतकं भेव नोहतं वाटत. फोटो झाल्यापासूनच काहून वाटते?"

फोटो अजून जागेवरच आहे. काढवत नाही; आम्हा दोघांनाही त्याची सवय झाली आहे. नवीन येणारे पाहुणे तो बघतात, मला बघतात, आणि न चुकता म्हणतात, "सूनबाई अगदी सासऱ्यावर गेल्या हो!" मी मान खाली घालते. फरक आता फक्त मिशीचा उरला आहे. आणि आरशात नीट पाहिलं तर तोही वर्षागणिक कमीच होऊन राहिला आहे.