हाताने फिरवलेलं पायडल

रुचिताच्या घरी ती व्यायामाची सायकल आली ती पाहुण्यांसाठी. हरिहरेश्वरला त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीत चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे. पनवेलच्या दिराने सांगितलं, हल्लीच्या पुण्या-मुंबईच्या लोकांना असलं काही लागतं. पाहुण्यांनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले, बाकी काही केलं नाही. मग एका दुपारी रुचिताच पदर खोचून वर बसली. पाय फिरले तसे समोरच्या काचेवर आकडे पळायला लागले आणि बाई हरखली. वेळ, अंतर आणि सगळ्यांत खाली कॅलरी! दिवसभर राबून कुणी तिला कधी शाबासकी दिली नव्हती, आणि इथे बसल्याजागी आकडा वाढत होता.

रुचिता वाईट बाई नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फक्त चारचौघींत जाणकार म्हणून मिरवायची तिला भारी हौस. मोबाईलवर वाचून तिने कोष्टकच पाठ केलं: नारळवडीच्या किती कॅलरी, घावनाच्या किती, वाटीभर भाताच्या किती. हां हां म्हणता आळीतल्या बायका दुपारी तिच्या पडवीत जमू लागल्या. एकीने पायडल मारायचं, बाकीच्यांनी गप्पा मारायच्या. "आज किती जिरवल्यास?" हा विहिरीवरचा नवा रामराम झाला. कुणी काय खावं ते रुचिता काचेवरचा आकडा बघून सांगायची, आणि बायका ऐकायच्या.

सगळ्यांत जास्त ऐकायच्या वेणूबाई. या रुचिताच्या चुलतसासूबाई, शेजारच्याच घरात एकट्या राहणाऱ्या. रुचिता त्यांना काकू म्हणे. त्यांना साखरेचा आजार जुना, पण गोळ्यांवर आटोक्यात होता. कारण काकू रोज सकाळी चालत देवळात जायच्या, ओहोटी असली की डोंगराखालच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालायच्या आणि चालतच परत यायच्या. त्यांना त्या सवयीतून काढलं ते रुचितानेच.

"काकू, एवढं चालता, पण त्याचा आकडा कुठे दिसतो? इथे बसा. मशीन मोजून देतं."

"माझे गुडघे चालतील गो त्याच्यावर?"

"मी ढिलं करून देते की."

तिने पायडल जड-हलकं करायचा खालचा खटका पार ढिला केला. काकूंचे पाय लोण्यातून फिरावेत तसे फिरायला लागले आणि आकडा झरझर चढला. काकूंनी तोंडात बोट घातलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवाला घरूनच हात जोडले. दुपारी सायकल झाली की रुचिता डब्यातून नारळवडी काढून द्यायची. "खा, आज जिरवलंय तुम्ही," म्हणायची. काकू लहान पोरीसारख्या खूश होऊन खायच्या.

माघी गणपती झाले आणि पायडल करकरायला लागलं. सकाळी पडवीत कुणी नव्हतं. रुचिता चहाचा कप घेऊन सायकलीपाशी पाट टाकून बसली, खोबरेल सोडलं आणि तेल मुरावं म्हणून एका हाताने पायडल फिरवत राहिली. दुसऱ्या हातात चहा. सहज वर बघते तर काच जागी झालेली. आकडे पळताहेत. चहा निवायच्या आत कॅलरी काकूंच्या रोजच्या आकड्यावर जाऊन पोचल्या.

मशीनला ना माणूस कळत होतं ना वजन. खटका ढिला की घट्ट, तेही कळत नव्हतं. चाक किती वेळा फिरलं तेवढं ते मोजत होतं आणि उरलेलं मनाने ठोकून देत होतं. सायकल आल्यापासून आपल्याला आपले ब्लाउज गुपचूप उसवून सैल का करावे लागताहेत, याचं उत्तरही तिला त्या सकाळी मिळालं. तिचं तिला हसू यायला हवं होतं. आली ती शरम, कानापर्यंत तापवणारी.

त्याच दुपारी तिने सांगून टाकायचं, एवढंच तर होतं. बायका आल्या, तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आमची रुचिता म्हंजे अर्धी डॉक्टर हाय." झालं. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही. काकू पायडल मारत राहिल्या आणि ती शेजारी उभी राहून आकडा वाचून दाखवत राहिली.

मे महिन्यात काकूंना चक्कर आली. श्रीवर्धनला नेलं तर साखर भलतीच वर गेलेली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला इंजेक्शन सुरू केलं, रोज पोटात टोचून घ्यायचं. परत आल्यावर काकू काठी टेकत पडवीत आल्या. बायका जमलेल्याच होत्या. काकू रुचितापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"रुचिता, माझ्यावर रागावू नको. तू एवढं केलंस माझ्यासाठी. माझंच कायतरी चुकलं असंल. परवा मी एक आंबा खाल्ला, तुला न्हाय सांगितला. मशीन कशाला खोटं बोलंल?"

मेलेलं बरं, असं रुचिताला झालं. जिने टोचून घ्यायचं तीच माफी मागत होती, आणि तीही एका आंब्याची! रुचिता सायकलीपाशी खाली बसली. तिने हाताने पायडल फिरवायला सुरुवात केली. काचेवर आकडे पळाले. आकडा चढत गेला तसतशी ती रडत गेली.

"काकू, ह्याला काही कळत नाही. वाऱ्याने फिरलं असतं तरी ह्याने मोजलं असतं. तुमचं काही चुकलं नाही. तुमचं चालणं मी सोडवलं. वड्या मी चारल्या."

काकू त्या काचेकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. असता तर रुचिताला सोसला असता.

"तुला आज कळलं व्हय हे?" त्यांनी विचारलं.

'आजच' म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं.

"नाही काकू. माघातच कळलं होतं."

काकू काठीवर रेलून मनाशी महिने जुळवत राहिल्या.

"म्हंजे शिमग्याला तू मला बोलावून पुरणपोळी वाढलीस. मी नको म्हनत हुते. तू म्हनालीस, खा काकू, आकडा बघितलाय मी. तवा तुला ठाऊक हुतं?"

पडवीत सगळ्या बायका होत्या आणि सगळ्या तिच्याचकडे बघत होत्या.

"ठाऊक होतं," रुचिता म्हणाली.