फरशीखालचं शेत

आमच्या डेपोत मालापेक्षा किस्सेच जास्त साचतात. माल जिवंत असतो ना, म्हणून! जिवाणू खत. पिशवीवर ठळक छापलंय, 'थंड, सावलीच्या जागी ठेवा.' आणि ठेवतो कुठे? भिवंडीत, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, भर मे महिन्यात!

मी एकदा म्हटलं, "साहेब, पिशव्या तुमच्या एसी केबिनमध्ये ठेवू, आपण दोघं पत्र्याखाली बसू."

साहेब म्हणाले, "जोक चांगला आहे. डिस्पॅच कर."

*

आमचा हमाल रामसूरत. पिशवीत जिवाणू आहेत कळल्यावर टरकला. "साहब, काटेगा तो नहीं?"

"अरे, सब मर गये," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्याने पोतं पाठीवर घेतलं.

*

खारबावच्या जनूमामांच्या भातशेतात कंपनीचा डेमो होता. साहेबांनी हौसेने स्वतः बियाण्याला जिवाणू चोळले. आणि वर 'सेफ्टी' म्हणून बुरशीनाशकही!

मामा बघतच राहिले. "पाव्हण्यांना जेवायला बोलावलं नि ताटात विष वाढलंत की वो!"

*

पुढच्या वर्षी साहेबांना लांबच ठेवलं. मामांनी खडकाची पूड टाकली, सोबत जिवाणू. ते दगड विरघळवतात आणि मुळांना भरवतात, एवढंच आमचं शास्त्र. दोन-तीन पावसाळ्यांत जमीन अशी भुसभुशीत झाली की मामा येईल त्याच्या हातात मूठभर माती द्यायचे. "वास घेऊन तर बघा!"

साहेबांनी वास घेतला, फोटो काढले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्लॉट अगदी रोड-टच आहे रे! गोडाऊनला झकास!"

*

मामांच्या भावांनी जमीनविक्रीच्या कागदांवर सह्या केल्या. मामा एकटे किती अडून बसणार? शेतावर गोडाऊन उभं राहिलं. भाड्याने कुणी घेतलं? आमच्याच कंपनीने! गेटवर बोर्ड, 'माती जगवा.' बोर्डाखाली स्टुलावर सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात जनूमामा. तो बोर्ड बघितला की माझं डोकं फिरतं.

*

यंदा एक्स्पायर झालेला माल फेकायला काढला, तर एक पिशवी गायब. शोधत ह्या नव्या गोडाऊनच्या मागे गेलो. मामा गुडघ्यांवर बसून काँक्रीटच्या फटीत मूठमूठ खत सोडत होते. वर बाटलीतलं पाणी.

"मामा, अहो, मेलंय हे सगळं!"

मामांनी वर बघितलंच नाही.

"एखादा जिता आसंल. खाली माजी जमीन हाय. तिला कोन घालील खायला?"