लेओनमामाचं नाक

लेओन फोर्मेला दारू गाळत नव्हता, विकत नव्हता, आणि कामावर असताना एक घोटसुद्धा पोटात जाऊ देत नव्हता. तरी ग्दान्स्कच्या जुन्या पेठेतल्या अकरा बारांची बिअर त्याच्या नाकाखालनं जायची. दर पंधरा दिवसांनी पाठीला पिशवी, हातात कॉस्टिक सोड्याचा डबा घेऊन तो यायचा आणि पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या धुऊन द्यायचा. त्याआधी बत्तीस वर्षं गोदीत जहाजांच्या नळ्या जोडल्या होत्या. गोदीनं घरी पाठवलं तसा बिअरकडं वळला. म्हणायचा, "आतनं तेल जातंय का बिअर, नळीला काय पडलंय?"

मी बेनेदिक्त, पण सगळे बेनेकच म्हणतात. पिव्ना गल्लीतल्या बारात बारा नळांमागं उभा असतो. लेओन माझ्याच गावचा, कार्तुझीच्या पलीकडचा, म्हणून मी त्याला मामा म्हणतो. काऊंटरमागं आम्ही दोघं आमच्या काशुबीत बोलतो. शहरातली पोरं हसतात, हसू देत. ज्या बोलीत पहिली शिवी खाल्ली ती काही टाकवत नाही.

नळ्या काय, कुणीही धुवील. मामाचा मान होता तो शेवटच्या पेल्याचा. धुऊन झालं की तो बोटभर बिअर घ्यायचा, पेला मनगटानं फिरवायचा, नाक आत घालून डोळे मिटायचा. सोडा मागं राहिलाय का हे कागदाची पट्टीही सांगते. पण नळीला कुठं आतनं बुळबुळ धरलीय, बिअरला लोण्याचा वास मारतोय का आंबूस, हे नाकच सांगतं. मामा "जाऊ द्या" म्हणाला की ती बिअर गिऱ्हाइकापुढं जायची. "परत" म्हणाला की परत धुवायची, मग दारात पर्यटकांची रांग का लागेना.

नाकासाठी तो एक पथ्य पाळायचा. आम्ही काशुबी तपकिरीची माणसं. कुणी शिंगाची डबी पुढं केली आणि आपण नको म्हटलं, तर तो त्याच्या घराचा अपमान. मामा मात्र दिवसातला शेवटचा बार उरकेपर्यंत चिमूट घ्यायचा नाही. सख्ख्या भावानं डबी धरली तरी तिच्यावर दोन बोटं टेकवून म्हणायचा, "सांजच्याला."

गेल्या फेब्रुवारीत तो तीन आठवडे तापानं पडला. उठला आणि कामावर आला तो बायकोला बरोबर घेऊनच.

रोझालियामामीनं चाळीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात घालवलेली. बाप दारूपायी गेला, त्यामुळं बिअरचा तिला तिटकारा. ती बारात उभी म्हटल्यावर आम्ही कशाला गप्प बसतोय.

"काय मामी, म्हातारपणी नवऱ्यावर पाळत?"

"पाळत कशापायी? ह्या वयात ह्याला घिऊन कोन पळनार? पळवनारीच दमायची."

सोडा नळीत वीस मिनिटं मुरावा लागतो. पूर्वी तेवढ्या वेळात मामा मागं रिकाम्या पिंपावर बसून चरबी लावलेला पाव आणि खारातली काकडी खायचा. आता दोघं बाहेर पडायला लागली. इतकी वर्षं शहरात राहून मामीनं जुनी पेठ धड पाहिलीच नव्हती. पेठ परगावच्यांसाठी; आपल्याला ट्राम, इस्पितळ आणि झास्पा वसाहतीतला आपला चौथा मजला. आता मात्र अकरा बार म्हणजे अकरा वेळा वीस मिनिटं. ओगार्ना गल्लीतल्या बारात सोडा घातला की नेपच्यूनचा हौद, नदीकाठच्या बारात घातला की जुनी लाकडी क्रेन, मारियात्स्का गल्लीजवळ असली की अंबराच्या माळांची दुकानं, ती नुसती बाहेरनं. माझ्या बाराच्या वाट्याला मारियाचं मोठं चर्च आलं होतं. त्याच्या मनोऱ्याला चारशेवर पायऱ्या. वीस मिनिटांत चढून उतरणं त्या गुडघ्यांच्यानं होईना. दोनदा अर्ध्यातनं परत फिरली.

नेपच्यूनबद्दल मामीचं मत होतं, "उघडाबंब उभा हाय की गं बया त्यो. हातात त्रिशूळ दिलाय. आदी एक टावेल द्यायचा."

हिंडून आली की मामा नळ्या पाण्यानं काढायचा, पेले भरायचा, आणि मामी शेजारी उभी राहून उगाच चाळा केल्यासारखा एकेक पेला नाकाशी न्यायची. हळूच म्हणायची, "लोनी." मग मामा नाक घालायचा, डोळे मिटायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "सात नंबर परत." आम्हाला वाटायचं, म्हातारी शिकतेय.

एकवीस मार्चला माझ्या नावाच्या संताचा दिवस. आमच्यात वाढदिवसापेक्षा त्यालाच मान. बायकोनं खसखशीचा केक दिला होता आणि मी सासऱ्याची शिंगाची डबी भरून आणली होती. सकाळच्या गडबडीत मामाचं पथ्य विसरून मी डबी त्याच्यापुढंही धरली. त्यानं रीतीप्रमाणं डबीवर टिचकी मारली, चिमूट घेतली आणि दोन्ही नाकपुड्यांत ओढली. पिशवी अजून उघडलीसुद्धा नव्हती. वर, त्या तपकिरीनं घोडा शिंकला असता; मामाच्या डोळ्याला पाणीही आलं नाही.

काय झालं हे त्याच्या ध्यानात आलं ते माझं तोंड बघून.

"आज तुझा दिस म्हनून घेतली," तो म्हणाला.

मामी फरशीकडं बघत होती. मी केक कापायला घेतला. माणसाच्या नाकातलं सगळं गेलंय हे मला त्या घटकेला कळलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? डाग्ना, आमची मालकीण, वाईट पोरगी नाही. पण तिचे दोन बार, आणि नळ्या यंत्रानं धुऊन देणारे लोक तिला दर आठवड्याला फोन करत होते. मामाला पेन्शन होती, उपाशी मरत नव्हता. पण अकरा बारांत त्याच्या "जाऊ द्या"शिवाय पेला हलत नव्हता, ते गेलं असतं तर झास्पाच्या बाल्कनीत बसून त्यानं काय करायचं होतं?

मे महिन्यात मामीच्या बहिणीच्या नातीचा चर्चमधला पहिला ख्रिस्तप्रसाद होता. मामी चार दिवस गावाला गेली. मामा एकटा आला, सोडा घातला, वीस मिनिटं पिंपावर बसून राहिला. मग पेला घेतला. डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले आणि म्हणाला, "जाऊ द्या."

तो गेल्यावर मी एकेक पेला हुंगला. पाच नंबरला लोण्याचा वास येत होता. मी तो नळ बंद करून 'संपली'ची पाटी लावली. पण डाग्नाच्या दुसऱ्या, ओगार्नातल्या बारात पाटी लावणारं कुणी नव्हतं. तिथं चार गिऱ्हाइकांनी पेले परत केले.

डाग्नानं मामाला बोलावलं. "लेओनराव, शुक्रवारी सकाळी बिअरचा भट्टीवाला लुबोमिर येतोय. तो सहा पेले ठेवेल, कशात काय बिघडलंय ते तुम्ही सांगायचं. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मला दाखवायला काहीतरी हवं."

गुरुवारी मी मामाला बाजूला घेतलं. "मी समोर हुबा ऱ्हातो. लोनी आसलं तर फडकं खांद्यावर टाकतो, कोबीचा वास आसला तर कान खाजिवतो."

"आन भट्टीवाला काय आंदळा हाय?" मामा म्हणाला. मग म्हणाला, "गोदीत कुनी गळती लपिवली तर आमी त्येला जेवाय शेजारी बसू देत न्हवतो, बेनेक. आन मी तीन म्हैनं काय करतोय?"

शुक्रवारी सहा पेले मांडलेले होते, प्रत्येकावर पुठ्ठ्याची चकती. लुबोमिर दाढी कुरवाळत उभा, डाग्ना हाताची घडी घालून. मामी गावाहून परतली होती. दाराशी कोट न काढताच बसली होती. मामानं हात धुतले, पहिला पेला उचलला, फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मग पेला खाली ठेवला.

"मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "फेबरवारीपासनं. कशाचाच. परवा घरात दूध करापलं, त्ये धूर बघून कळलं."

"मग इतके दिवस कसं चाललं?" डाग्नानं विचारलं.

"ही."

मामी ताडकन उठली. "मला कशाला मदी वडतोस? आन सांगाया तुला कुनी सांगितलं हुतं? मी हाय न्हवं तुझ्यासंगं?"

"हायेस. म्हनून तर सांगितलं."

डाग्नानं खुर्ची ओढली. "या, बसा इथं."

"म्या पिनार न्हाई."

"नका पिऊ. वास तेवढा घ्या."

मामीनं पहिला पेला नाकाशी नेला. "लोनी." दुसरा. "उकडलेली कोबी. झाकन घालून शिजीवल्याली, आमच्या इस्पितळात शिजवायचे तसली." लुबोमिरचा हात दाढीतच थांबला, बिअर झाकण घालून उकळली की हाच वास धरते. तिसरा. "पावसात भिजल्याला पुठ्ठा." चौथा. "ह्येला भांड्याच्या साबनाचा वास मारतोय."

"चौथ्यात मी काहीच घातलेलं नाही," लुबोमिर म्हणाला.

"मग पेला नीट धुतला न्हाईस."

त्यानं पेला उचलून हुंगला आणि मोरीत ओतला. पाचव्याला मामी म्हणाली, "शिर्का." सहाव्याला बराच वेळ लावला. "ह्येच्यात धूर हाय. पर वाईट न्हाई."

"तशीच असते ती," लुबोमिर म्हणाला. "धुरावर वाळवलेल्या गव्हाची."

डाग्नानं मामाकडं पाहिलं. "पुढच्या खेपेपासून दोघं या. नळ्या तुमच्या, पेला त्यांचा. यंत्रवाल्यांना मी नको म्हणून कळवते."

मामा खूश झाला असं लिहिलं तर खोटं होईल. तो त्याचं फडकं घडी करत बसला, उलगडत, परत घडी करत. अकरा बारांत आता "जाऊ द्या" त्याची बायको म्हणणार होती. लुबोमिर आणि डाग्ना आतल्या खोलीत गेले तसा त्यानं सहावा पेला ओढून घेतला.

"कसला धूर हाय?"

"धूर म्हंजी धूर."

"धूर काय एक जातीचा आसतोय व्हय? नीट सांग."

मामीनं पुन्हा पेला घेतला. आता घाईत नव्हती. "तुझ्या आईच्या मागल्या दारी ईल मासं धुरावर टांगायचे, आठीवतंय? त्येचा. पयल्या दिसाचा न्हवं. इस्तू इजल्यावर दुसऱ्या सकाळचा."

मामानं पेला तिच्या हातातनं घेतला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"लाकूड आदी का मासा?"

"लाकूड आदी. मासा मागनं येतोय, सावकास."

"आन मग?"

अकरा वाजले होते. बाहेर गिऱ्हाईक दाराची मूठ हलवून बघत होतं. मी किल्ली खिशातच ठेवली आणि पेले पुसत राहिलो.