साच्याची तीट

लोखंडी साच्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायची युक्ती माझी, असं आमच्या घरात सांगतात. साचा माझाच होता. त्यापुढचं सांगायला मी पन्नास वर्षं लावली.

नगरला घरामागेच थोरल्या भावाची, दादांची ओतशाळा होती. देवळाली प्रवरेकडच्या ऊसवाल्यांना लागणाऱ्या पुल्या आम्ही वाळूत ओतायचो. दुष्काळात वाळू भिजवायलाही पाणी मिळेना, तेव्हा मी हट्टानं लोखंडाचाच साचा घडवला. पण त्यात रस झटक्यात निवायचा. पुली काचेसारखी कडक व्हायची, ड्रिल मोडायचं. कधी ती साच्यालाच चिकटायची. शेवटी दादा म्हणाले, उद्या हा साचा फोडून भट्टीत घालू. मी त्या दिवशी जेवलो नाही.

वहिनी तिसगावच्या. तान्ह्याला कडेवर घेऊन त्या दारात आल्या आणि घासून लख्ख केलेल्या साच्याकडे पाहत राहिल्या.

"भावोजी, इतका गोरागोमटा ठिवल्यावर दिष्ट लागणारच. तीट लावा की जरा."

मी चिडून म्हणालो, तुम्हीच लावा. त्यांनी खरोखरच चिमणीची वात वाढवली आणि काजळ धरतात तशी तापल्या साच्याखाली धरली. आतून सगळा काळाकुट्ट केला. तीट बोटभर असते, दादा हसून म्हणाले.

"ती पोराला. हे तर घोडं हाय."

तसाच रस ओतला. पुली अलगद सुटली. ड्रिल लावलं तर बिडाचा भुसा पडू लागला. मधल्या काजळीमुळे रस सावकाश निवला होता. साचा वाचला.

पुढे काजळी कुठे विरळ राहिलीय ते वहिनी दारातूनच ओळखत. तशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ओतण्याआधी 'तीट दिली का?' ही हाळी तर रोजचीच झाली. एकदा पाहायला आलेल्या कारखानदारानं विचारलं, हे सुचलं कुणाला? मला, असं मी म्हणालो. वहिनी चहाचे कप ठेवत होत्या.

"भावोजींचं डोकं लई चालतं," एवढंच त्या म्हणाल्या.

वहिनी आता सावेडीत नातवाकडे असतात. परवा पणतीच्या बारशाला गेलो. त्यांनी बोट काजळात बुडवलं तेव्हा सगळ्यांदेखत मी सांगून टाकलं की ती युक्ती यांची. त्यांनी आधी बाळाच्या कपाळाला बोट टेकवलं.

"मला तर तवाच ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमाला आज कळलं व्हय?"