फोकसचं चक्र

शाळेच्या गच्चीवर दिवेलागणीला आकाशनिरीक्षण मंडळाची माणसं दुर्बिणीपाशी रांगेत उभी होती. वाकणारा प्रत्येकजण आधी फोकसचं चक्र थोडं फिरवायचा. एकाला स्वच्छ दिसलेलं दुसऱ्याला तसंच दिसेल असं नसतं, हे त्या बोटांना ठाऊक असावं. मी त्याच दिवशी मंडळात नाव नोंदवलं होतं आणि माझी पेटी घट्ट धरून बसलो होतो. आत माझ्या बायकोची, सुमनची दुर्बीण होती. ती गेल्यापासून त्या दुर्बिणीच्या चक्राला कुणी हात लावला नव्हता.

“काका, नवरीसारखी लपवून काय ठेवलीय? काढा की बाहेर!” मंडळाच्या देशपांडेबाई म्हणाल्या. त्यांनीच ती स्टँडवर चढवून शनीकडे वळवली, आणि त्यांचा हात चक्राकडे गेला.

“हात लावू नका!” मी ओरडलो. त्यांनी हात मागे घेतला.

“बरं, आधी तुम्ही बघा,” त्या हळूच म्हणाल्या.

मी वाकलो. एक पिवळट, धूसर ठिपका. चक्र याच जागी असताना सुमनला शनीची कडी लख्ख दिसली होती. तिच्या नजरेने मला काहीच दिसत नव्हतं. मागे कुणीतरी खाकरलं. ठिपका कडेला सरकत चालला होता.

ती नजर पुन्हा सापडणार नाही हे ठाऊक असूनही मी चक्र फिरवलं.